कंपनीच्या स्टिरिओला बाहेरून वूफर जोडलाय आणि काहीतरी बिनसलंय? नेहमीचे प्रश्न, कोकणातली उत्तरं

रत्नागिरीत माझं गाड्यांच्या वायरिंगचं छोटंसं काम आहे. वर्षातून दोनदा हेच हेच प्रश्न येतात, एकदा गणपतीच्या आधी आणि एकदा शिमग्याच्या आधी, कारण तेव्हा चाकरमानी गाड्या घेऊन गावी येतात आणि घाटात कुठेतरी वूफर बंद पडलेला असतो. सगळ्यांना फोनवर तेच सांगून घसा बसला म्हणून इथे लिहून ठेवतोय. वाचायच्या आधी दोन-तीनशे रुपयांचा एक साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, तो नसेल तर पुढचं निम्मं वाचून उपयोग नाही.

वूफर अजिबात वाजत नाही. आधी काय बघू?

अँपवरचा (वूफरला ताकद देणाऱ्या अँप्लिफायरवरचा) लाइट बघा. लागत नसेल तर मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी पिन अँपच्या ग्राउंड टर्मिनलला, लाल पिन बी प्लसला (बॅटरीची प्लस वायर येते ते टर्मिनल). स्टिरिओ चालू असताना तिथे १२ च्या वर दिसायला हवं. मग लाल पिन तशीच उचलून रिमोटच्या टर्मिनलवर (अँपला चालू-बंद करणारी बारीक वायर येते ते), तिथेही १२ च्या आसपास. बी प्लसवर काहीच नाही म्हणजे बॅटरीजवळचा फ्यूज बघा. फ्यूज काचेतून चांगला दिसला म्हणून चांगला असतो असं नाही हां, काढून मीटरने कंटिन्युटी (आतली तार सलग आहे का) बघा, होल्डरच्या आत गंज धरलेला मी इतक्या वेळा बघितलाय की आता आधी होल्डरच उघडतो.

बी प्लस आहे पण रिमोटला व्होल्टेज नाही, हे कंपनी फिटेड स्टिरिओत फार होतं. बाहेरच्या स्टिरिओला निळी-पांढरी रिमोटची वायर असते, कंपनीच्या स्टिरिओला बहुतेक वेळा नसतेच. मग कोणीतरी ती सिगारेट लायटरच्या वायरला पिळून जोडलेली असते आणि वर टेप. ती पीळ सुटते. फ्यूजबॉक्समध्ये चावीबरोबर चालू-बंद होणाऱ्या फ्यूजवर फ्यूज टॅप लावून रिमोट घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. काही अँप स्पीकरच्या वायरवरूनच स्वतः चालू होतात, कारण स्टिरिओ चालू झाला की स्पीकरच्या दोन्ही तारांवर बॉडीच्या तुलनेत साधारण ६ व्होल्ट असतात आणि अँप ते ओळखतं. तुमच्या अँपला तसा स्विच असेल तर रिमोटची भानगडच नको.

लाइट लागतो, हिरवा आहे, तरी आवाज नाही

स्टिरिओमधला फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरमध्ये आवाज वाटायचं सेटिंग) बघा आधी. हसू नका. बहुतेक ठिकाणी सिग्नल मागच्या स्पीकरवरून घेतलेला असतो आणि मुलांनी खेळताना फेडर पूर्ण पुढे नेलेला असतो. मागे सिग्नलच नाही तर वूफर कुठून वाजणार.

ते ठीक असेल तर एक जुगाड करा. मोबाईलच्या जॅकमधून आरसीएवर (अँपला सिग्नल देणाऱ्या गोल पिनांवर) येणारी केबल घ्या (पन्नास-शंभर रुपये), अँपवरचा गेनचा स्क्रू खाली करा, आणि मोबाईल सरळ अँपला जोडून गाणं लावा. वाजलं? म्हणजे अँप, वूफर, वायरी सगळं चांगलं आहे, दोष स्टिरिओ ते अँप या टप्प्यात आहे, म्हणजे हाय-लो कन्व्हर्टर (स्पीकरच्या तारांवरचा सिग्नल आरसीएजोगा करणारी डबी) किंवा त्याचे जोड. नाही वाजलं तर दोष अँपपासून पुढे. अर्धी गाडी एका झटक्यात बाद होते तपासातून. हे न करता लोक नवीन अँप आणतात.

वूफर बघायला टीव्हीच्या रिमोटमधला दीड व्होल्टचा सेल पुरतो. वूफरच्या तारा अँपमधून काढा, सेल क्षणभर टेकवा, कोन टप्प करून हलला पाहिजे. प्लसला प्लस लावलं तर बाहेर येतो. हलला नाही तर कॉइल (आतली तारेची गुंडाळी) तुटली, हाताने हळूच दाबून सोडल्यावर खरखर घासल्यासारखं लागलं तर कॉइल जळलीय, आणि जळकट वास तर लपतच नाही.

लाल लाइट, प्रोटेक्ट दाखवतंय, म्हणजे अँपने स्वतःला वाचवायला आवाज बंद केलाय

वूफरची वायर अँपमधून काढा आणि चालू करून बघा. प्रोटेक्ट गेलं तर गडबड वूफरकडे: कुठेतरी तार बॉडीला लागलीय, किंवा टर्मिनलमध्ये तारेचा एक बारीक केस शेजारच्या स्क्रूला टेकलाय, किंवा ओहमचा हिशोब चुकलाय. शेवटचं फार कॉमन आहे. ड्युअल कॉइलचा ४+४ ओहमचा वूफर पॅरलल केला की २ ओहम होतो, सीरीज केला की ८. आणि २+२ चा पॅरलल केला की १ ओहम. दोन चॅनल ब्रिज केलेलं (एकत्र करून एकाच वूफरला दिलेलं) साधं अँप बहुतेक ४ ओहमपर्यंतच झेपतं, त्याला २ दिले की आरतीपर्यंत टिकतं, भजनाला बसतं. मीटरवर ४ ओहमची कॉइल ३.२ ते ३.८ अशी कमीच दिसते, ते नॉर्मल आहे, घाबरू नका.

वूफर काढूनही लाल राहिलं, आरसीए काढूनही राहिलं, पॉवर आणि ग्राउंड नीट आहे, तर अँप आतून गेलं.

अर्ध्या तासाने लाल होत असेल आणि थंड झाल्यावर परत वाजत असेल तर ते तापतंय. एप्रिल-मेच्या उन्हात बंद डिकीत, वर चटई आणि त्यावर आंब्याच्या पेट्या, काय करेल बिचारं. वरून दोन-तीन बोटं जागा मोकळी सोडा.

"भाऊ, घाटात गाडी चढताना वूफर कुंय्य्य करता, गिअर बदललो की सूर पण बदलता"

हा प्रश्न कुडाळच्या एका माणसाने असाच्या असा विचारला होता, यापेक्षा चांगलं वर्णन मला जमणार नाही. इंजिनच्या आरपीएमबरोबर सूर चढतो-उतरतो म्हणजे तो अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी भरणाऱ्या जनरेटरचा) आवाज. आणि त्याचं कारण दहापैकी आठ वेळा माझ्या अनुभवात ग्राउंड. बाजारात यावर आधी फिल्टर विकतात, ग्राउंड कोणी बघत नाही.

होतं असं की स्टिरिओचं ग्राउंड डॅशबोर्डजवळ, अँपचं डिकीत. अँपचा बोल्ट गंजला की त्या जोडात रेझिस्टन्स येतो, वीस अँपिअर त्यातून जाताना तिथे व्होल्टेज पडतं, आणि दोन ग्राउंडमधला हा फरक आरसीएच्या जाळीतून स्टिरिओपर्यंत फिरायला लागतो. अँपला तो फरक आणि गाणं यात भेद कळत नाही, दोन्ही मोठं करून देतं. ०.०५ ओहम म्हणजे काहीच नाही वाटतं ना? २० अँपिअरला तिथे १ व्होल्ट पडतो. आणि स्वस्त मीटरला ०.०५ ओहम मोजताच येत नाही, म्हणून ओहमवर मोजून "ग्राउंड बरोबर आहे" म्हणू नका. मीटर डीसी व्होल्टवर, काळी पिन बॅटरीच्या मायनसला (लांब वायर जोडून), लाल पिन अँपच्या ग्राउंड टर्मिनलला, आणि गाणं जोरात लावा. ०.१, ०.२ पर्यंत चालेल. अर्धा व्होल्ट दिसला तर जोड उघडा.

आता उघडल्यावर आत काय असतं ते सांगतो, कारण पुण्याच्या गाडीत हे एवढं दिसत नाही. मिरकरवाड्यावरून किंवा हर्णैच्या लिलावातून मासळी थर्माकोलच्या खोक्यात डिकीत टाकून आणतात, बर्फ वितळतो, ते खारट पाणी मॅटखालून स्टेपनीच्या खड्ड्यात जाऊन बसतं, आणि ग्राउंडचा बोल्ट नेमका तिथेच मारलेला असतो कारण फिटरला ती जागा सोयीची. वर्षभरात बोल्ट लाल आणि थिंबल (वायरच्या टोकाची कडी) हिरवी. परवा एका गाडीत तर थिंबल हाताने ओढली आणि तुकडा हातात आला, मालक म्हणे मागच्याच दिवाळीत बसवलंय.

करायचं काय: स्टेपनीच्या खड्ड्यापासून वर, बॉडीच्या जाड पत्र्यावर जागा निवडा. सीटबेल्टचा बोल्ट नको, तो जीव वाचवायला आहे. टेललाइटच्या ग्राउंडच्या बारक्या बोल्टवर पण नको. रंग घासून पत्रा चकचकीत करा, थिंबल दाबून क्रिम्प केलेली हवी, नुसती पिळलेली नको, नट घट्ट, आणि घट्ट झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली किंवा ग्रीस चोपडा. आधी नाही, नंतर. ग्राउंडची वायर पॉवरच्या वायरइतकीच जाड आणि जेमतेम हातभर लांब.

एवढं करूनही कुंय राहिला तर आरसीए अँपमधून काढून बघा. आवाज गेला तर तो पुढून येतोय: आरसीए आणि पॉवर केबल एकत्र बांधल्यात का बघा (एक डाव्या सिलखालून, म्हणजे दाराच्या उंबऱ्याखालून न्या, दुसरी उजव्या), नाहीतर स्वस्त हाय-लो कन्व्हर्टर बदला. आणि कृपा करून कंपनीच्या स्पीकरची मायनस तार बॉडीला लावू नका. या स्टिरिओंमध्ये ती ग्राउंड नसतेच, तिच्यावरही ते ६ व्होल्ट असतात, स्टिरिओ कायमचा जाऊ शकतो.

वायर कुठली घेऊ? दुकानदार म्हणतो सगळ्या सारख्याच

सारख्या नाहीत. स्वस्त किटमध्ये अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असलेली तार असते, चाकूने खरवडली की आत पांढरी दिसते. तिचा रेझिस्टन्स जास्त, आणि आपल्या खाऱ्या हवेत टोकाला ती पिठासारखी होते. शुद्ध तांब्याची घ्या, टिन केलेली मिळाली तर सोन्याहून पिवळं, होडीच्या वायरिंगला तीच वापरतात ते उगाच नाही. ३०० वॅट आरएमएसपर्यंत (सतत देता येणारी खरी ताकद) ८ गेज, त्यापुढे ४ गेज. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत. तो वायर वाचवायला आहे, अँप नाही, त्यामुळे "अँपमध्ये फ्यूज आहे की" हे उत्तर चालत नाही. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) वायर जाते तिथे रबराचं बूच हवंच, पत्र्याची धार वर्षभरात इन्सुलेशन कापते आणि मग आग.

आवाज कमी असताना बेस मस्त, वाढवला की बेसच जातो

वूफर बिघडला नाही, हे कंपनीनेच करून ठेवलंय. त्यांचे दाराचे स्पीकर हलके असतात, ते फाटू नयेत म्हणून स्टिरिओ आवाज वाढेल तसा बेस स्वतःच कमी करत जातो. तुम्ही सिग्नल तिथूनच घेतलाय तर तुम्हालाही तोच कापलेला बेस मिळणार. गेन वाढवून हे जात नाही, उलट कमी आवाजात धबधब होतं. यावर बेस परत भरून देणारे कन्व्हर्टर मिळतात, ऑडिओकंट्रोलचं अॅक्युबेस नावाचं सर्किट यासाठीच आहे, किंवा मग डीएसपी (सिग्नल डिजिटल पद्धतीने सुधारणारी डबी). महाग पडतं. वूफरबरोबर बेसचा नॉब आलेला असेल तर जोरात ऐकताना थोडा वर करा आणि पुढे चला.

वूफर हलताना दिसतो पण बेस पोकळ वाटतो

बॅलन्स पूर्ण डावीकडे करा. बेस अचानक भरला तर कन्व्हर्टरला एका बाजूच्या प्लस-मायनस तारा उलट्या गेल्यात. बहुतेक गाण्यांत बेस डाव्या-उजव्या दोन्हीकडे सारखा असतो, एक बाजू उलटी झाली की दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. तारा सरळ करा, झालं. बॅलन्सने फरक पडत नसेल तर अँपवरचा फेजचा स्विच ० वरून १८० करून बघा, जिथे ड्रायव्हरच्या सीटवर भरलेलं वाटेल तिथे ठेवा. डिकीत डोकं घालून ठरवू नका.

गेन किती ठेवू? पूर्ण ठेवला तर काय होतं?

वूफर जळतो, हे होतं. गेन म्हणजे व्हॉल्यूम नाही. स्टिरिओकडून येणारा सिग्नल आणि अँप यांची गाठ घालायचा तो स्क्रू आहे. जास्त ठेवला की अँप लाटेची डोकी छाटतं, बेस चिरका-थपथप होतो आणि कॉइल तापत राहते. छोट्या अँपनेसुद्धा मोठा वूफर जळतो तो असाच.

मीटरने लावा. वूफर काढून ठेवा. बेस बूस्ट शून्य, स्टिरिओचा टोन मधोमध, ५० हर्ट्झचा टेस्ट टोन लावा. ५० च का, तर आपल्या घरची वीज ५० हर्ट्झची आहे आणि स्वस्त मीटर एसी व्होल्ट त्याच फ्रिक्वेन्सीला नीट दाखवतो. स्टिरिओ साधारण तीन चतुर्थांश आवाजावर. अँपच्या आउटपुटला किती व्होल्ट हवे ते काढायचं: वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. २५० वॅट आणि ४ ओहम म्हणजे १००० चं वर्गमूळ, ३१.६ व्होल्ट. ३०० वॅट आणि २ ओहम म्हणजे २४.५. गेन हळूहळू वाढवत तिथे थांबा. लो पास (याच्या वरचे सूर अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्झच्या आसपास, आणि भोक असलेला बॉक्स असेल तर सबसॉनिक (याच्या खालचे सूर अडवणारा) २५-३०.

मग कानाने तपासा. गाण्यापेक्षा मी डबलबारी भजनाचं चांगलं रेकॉर्डिंग लावतो. पखवाजाची धुमेची थाप कशी वाटायला हवी हे इथे प्रत्येकाच्या कानाला माहीत असतं, ती घुमून थांबली पाहिजे. नुसती पसरत राहिली तर लो पास खाली आणा.

माझ्या अँपवर २००० वॅट लिहिलंय, मग आवाज का नाही?

अँपचे फ्यूज बघा. ३० चा एकच फ्यूज? ३० गुणिले १३.८ म्हणजे ४१४ वॅट आत जाणार, क्लास डी (कमी वीज वाया घालवणारं स्विचिंग अँप) चांगलं असेल तर ८० टक्के बाहेर, म्हणजे ३३० च्या आसपास. बाकीचे वॅट स्टिकरवर आहेत.

तीन दिवस गाडी अंगणात उभी होती, आता स्टार्टच होत नाही

रिमोट कायम चालू असलेल्या वायरला जोडलाय. गाडी लॉक करून अर्ध्या तासाने खिडकीतून बघा, अँपचा लाइट लागलेला असेल. नुसतं चालू बसलेलं अँप अर्धा ते एक अँपिअर खाऊ शकतं, १ अँपिअर म्हणजे दिवसाला २४ अँपिअर-अवर, आणि छोट्या हॅचबॅकची बॅटरी ३५ ची. पुढचा हिशोब तुम्हीच करा. सगळं बंद असताना गाडी साधारण ५० मिलिअँपिअरच्या खालीच ओढायला हवी.

आरतीला डिकी उघडून, इंजिन बंद ठेवून तास-दोन तास वाजवणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. मीटर लावून ठेवा, १२.२ ला बॅटरी निम्मी झालेली असते, १२ च्या खाली गेली की थांबा. आणि रात्री दहानंतर तसंही थांबा, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, म्हणजे शेजारच्या काकू खोकल्या तरी ओलांडेल.

बेस आला की हेडलाइट मिचमिचतात. कॅपॅसिटर लावू?

नको. आधी इंजिन चालू ठेवून बॅटरीवर व्होल्टेज बघा, १३.८ ते १४.४ हवं. मग अँपच्या बी प्लसवर बघा. बॅटरीवर चांगलं आणि अँपवर पडतंय म्हणजे वायर बारीक किंवा जोड खराब. दोन्हीकडे पडतंय तर बॅटरी म्हातारी किंवा अल्टरनेटरला झेपत नाही. नव्या गाड्यांमध्ये बॅटरीच्या मायनसवर छोटा सेन्सर असतो, अँपचं ग्राउंड थेट त्या मायनसवर घेतलं की गाडीचा हिशोब चुकतो, बॉडीवर घ्या. सीटखाली लिथियम बॅटरीवाली स्मार्ट हायब्रिड असेल तर त्या बॅटरीला हात लावायचा नाही.

पावसाळ्यात अंडरसीट वूफर बंद पडतो

सीटखालची मॅट उचलून हात लावा. ओली असेल. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, ओल्या चपला, टपकणारी छत्री, एसीची तुंबलेली ड्रेन नळी, सगळं पाणी तिथेच जमतं आणि अंडरसीटचं अँप त्याच डब्यात असतं. वूफर दोन इंच उचलून पट्टीवर बसवा, नळी साफ करा. पाणी गेलंच असेल तर फ्यूज काढा आणि पूर्ण सुकेपर्यंत चालू करून बघायचा मोह आवरा. आणि वायर तुटलेली सापडली तर उंदीर. पावसात त्यांनाही कोरडी जागा हवी असते.

बॉक्स फुगलाय आणि कोनवर पांढरं आलंय

एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) फुगणारच इथे. मी मरीन प्लायचा करतो, आयएस ७१० चा शिक्का बघून घ्या, होड्या आणि स्वयंपाकघरं करणाऱ्या सुताराकडे तुकडे मिळतात. कोन कागदाचा असेल तर बुरशी धरतो, कोरड्या फडक्याने पुसा, पुढच्या वेळी पॉलीप्रॉपिलीनचा कोन आणि रबराची कड घ्या. फोमची कड आपल्या हवेत भुसा होऊन पडते.

कुठूनतरी खडखड येते, वूफर फाटला का?

बहुतेक नंबरप्लेट. मागे बसून एकाने हाताने एकेक पॅनल दाबत जायचं, थांबली की तीच जागा. डबल साइड फोम टेप लावा. बॉक्स पट्ट्याने बांधलाय ना तेही बघा, कशेडी घाटाच्या जुन्या वळणांवर मोकळा बॉक्स इकडून तिकडे गेला की मागच्या सीटला भोक पाडतो.

वूफर चालू केला की आकाशवाणी खरखरते

क्लास डी अँपची स्विचिंग. अँटेनाची वायर आणि अँपची पॉवर केबल लांब करा. डोंगराआड सिग्नलच कमकुवत असेल तर मग अँपची चूक नाही.

वॉरंटी जाईल का?

वायर कापली की वाद घालायला त्यांना जागा मिळते. गाडीच्या मॉडेलचा कपलर मिळतो, मध्ये बसतो, एकही तार कापावी लागत नाही. तोच वापरा.

गाडी विकतोय, वूफर काढून घेऊ म्हणतो. काही राहायला नको

सगळ्यात आधी बॅटरीजवळचा फ्यूज काढा, मग बॅटरीकडचं टोक, आणि मगच डिकीतलं. उलट केलंत आणि लोंबती लाल वायर पत्र्याला लागली तर ठिणगी बघायला मिळेल. फ्यूज टॅप काढून जागचा जुना फ्यूज परत लावा, स्पीकरच्या जोडांना हीट श्रिंक, फायरवॉलचं भोक बुचाने बंद, नाहीतर जूनमध्ये नव्या मालकाच्या पायात पाणी आणि तुम्हाला फोन.